सगळेच ‘मनी प्लांट’ नसतात! सारख्या दिसणाऱ्या वेली ओळखायच्या कशा, आपल्या उन्हात जगवायच्या कशा?

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी.

तीन वर्षांत माझ्या ओसरीवर सहा वेली आल्या. एक बहिणीनं दिली, दोन आठवडी बाजारातून घेतल्या, बाकीच्या अकोल्याहून परत येताना रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून. देणाऱ्या प्रत्येकानं नाव एकच सांगितलं, मनी प्लांट. मीही तेच धरून चालले. माती एक, पाणी एक, ओसरीची कडाही एकच. मागच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दोन सुकायला लागल्या आणि पुढं मेल्याच, एक अर्धी वाळली, तीन मात्र हलल्याही नाहीत. तेव्हा कुठं डोक्यात आलं की या सहा वेली एक नाहीतच.

मग रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी बसायला लागले. पानावरून काही उमगत नव्हतं, सगळी बदामाच्या आकाराचीच. फरक सापडला देठात. पानाच्या देठावरून वरच्या बाजूनं अंगठ्याचं नख फिरवून बघा. खऱ्या मनी प्लांटच्या देठाला घराच्या पन्हाळीसारखी खोलगट नाली असते, नख तिच्यात बसतं. माझ्याकडच्या दोन वेलींचे देठ मात्र तुऱ्हाटीच्या काडीसारखे गोल, नख घसरून जातं.

दुसरी खूण नव्या पानाची. मनी प्लांटचा पोंगा आधीच्या पानाच्या देठातून सरळ बाहेर येतो आणि उलगडतो, त्यावर वेगळं आवरण नसतं. गोल देठाच्या वेलीचं नवं पान एका पातळ, फिकट खोळीत गुंडाळलेलं असतं. पान बाहेर आलं की खोळ वाळते, तपकिरी होते, काही दिवस पेरापाशी लटकते आणि गळते. मी ती रोग समजून चिमटीनं ओढून काढत होते, आणि तसं करताना एकदा आतला कोवळा पोंगाच फाटला. ती खोळ म्हणजे फिलोडेंड्रॉनची ओळख. मनी प्लांट म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम, हे फिलोडेंड्रॉन हेडेरेसियम. दोन्ही अळू-सुरणाच्या कुळातले, पण मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरिया बेटाचा आणि फिलोडेंड्रॉन पार अमेरिका खंडातलं.

तिसरी वेल जाड पानांची. वरून मखमलीसारखी, हिरव्यावर चांदीचे ठिपके. बाजारात तिला ‘सॅटिन मनी प्लांट’ म्हणतात. ती सिंडॅप्सस पिक्टस. आपल्या आयुर्वेदातली गजपिंपळी याच सिंडॅप्सस प्रजातीतली, म्हणजे ही काही अगदी परकी नव्हे.

आता मुद्दा असा की मेल्या त्या दोन्ही फिलोडेंड्रॉन, अर्धी वाळली ती सॅटिन. तिन्ही खरे मनी प्लांट मात्र तगले. पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर ओसरीच्या कडेला येतं, ते एक कारण असेलच. पण तगलेल्यांच्याही पानांची टोकं तपकिरी झाली आहेत, आणि मातीवर पांढरा थर धरतो. आमच्या गावाला बोअरचं पाणी आहे. कोणाला यातलं कळत असेल तर सविस्तर सांगा. पुन्हा त्या वेली लावायच्या आहेत, पण उगाच मारायच्या नाहीत.

पानमळा_अंजनगाव

ताई, तुम्ही देठाची खूण बरोबर धरली. आमच्या घरी तीन पिढ्यांचा पानमळा आहे. मनी प्लांट नागवेलीच्या कुळातला नाही, तरी दोघींचा स्वभाव बराच जुळतो. सावली हवी, दमट हवा हवी, मुळाशी ओल हवी पण पाणी साचायला नको. अंजनगाव सुर्जीसारख्या तापत्या मुलखात पानमळा कसा टिकतो याचा विचार केला तर तुमच्या कुंड्यांचं उत्तर त्यातच आहे.

वेलीला ऊन जाळतं त्यापेक्षा जास्त वारा जाळतो. मे महिन्यातला तो भाजणारा पश्चिमेचा वारा पानातलं पाणी मुळांनी ओढण्याच्या आधीच उडवून नेतो. म्हणून आम्ही मळ्याच्या पश्चिम अंगाला कुड घालतो. आत शेवरी, हादगा, पांगरा आधी लावून सावली तयार करतो आणि मग वेल लावतो. तुमच्या ओसरीला पश्चिमेकडून हिरवी जाळी किंवा जुनं गोणपाट टांगा. नुसती कुंडी सावलीत ठेवून भागत नाही, वारा अडला पाहिजे.

पाणी थोडं थोडं द्या. आठवड्यातून एकदा द्या, असं सगळीकडे सांगतात. ते पुण्या-मुंबईच्या हवेला ठीक. आपल्याकडे मे महिन्यात कुंडीत बोट पहिल्या पेरापर्यंत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात आवरा. आमच्याकडे मर रोग लागतो तोही बहुधा पाणी साचल्यानंच.

धुऱ्यावरचा

ताई, मले एक सांगाचं हाये. तुमच्या इथं कूलर हाये का? मी त तीन वर्सं कूलरच्या टाकीचंच पाणी टाकत होतो. टाकी धुतली का ते पाणी वाया काऊन घालवाचं म्हनून कुंडीत ओतो. पानाचे शेंडे जळत, मले वाटे ऊन लागलं. मंग माह्या पोरीनं शाळेत वाचलं अन् मले समजावून सांगतलं. कूलरमंदी पानी उडून जाते, पन त्यातला खार उडत नाई. तो टाकीतच राह्यते. आपन वरून नवीन पानी भरतो, अजून खार येते. आठ दिवसांत ते पानी बोअरच्या पान्यापेक्षा कितीतरी खारं होते. जाळीवर पांढरी खपली बसते ना, तेच ते.

तेव्हापासून बंद केलं. आता टाकीचं पानी न्हानीत ओततो. कुंडीले माठातलं शिळं पानी, नाई त पावसाचं.

पूर्णाकाठ

भाऊ, तुम्ही अगदी बोट ठेवलंत. मीही तेच करत होते! आमचा गाव खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे पाणी आधीच खारं, त्यात कूलरचं. टाकीतलं पाणी जिभेला लावून बघितलं आज. सांगायला नको.

पानमळावाले दादा, वाऱ्याचं मनापासून पटलं. जी वेल सगळ्यात चांगली तगली ती नेमकी रांजणाच्या मागं होती. ती तिथं सावलीनं वाचली असं मला इतके दिवस वाटत होतं.

धानाचा_बांध (साकोली)

आमच्याकडे भंडाऱ्याला पाणी गोडं आहे, त्यामुळे टोकं जळण्याचा त्रास नाही. आमचा त्रास उलटा, पावसाळ्यात मुळं कुजतात. कारण माती. शेतातली काळी माती कुंडीत भरली की सुकल्यावर ती कडेपासून सुटते, भेगा पडतात, आणि पाणी टाकलं की ते कडेनं सरळ खाली उतरतं. मधला गोळा कोरडाच. पावसात तीच माती फुगते, चिकटते आणि मुळांना हवा मिळत नाही. या वेली रानात झाडाच्या खोडाला धरून वाढतात, पालापाचोळ्यात. त्यांची मुळं मोकळ्या जागेची सवयीची.

मी काळी माती वापरतच नाही. राइस मिलमधून धानाचं तूस आणतो, अर्धं तसंच आणि अर्धं काळं होईस्तोवर जाळून. पांढरं होऊ द्यायचं नाही, पाणी मारून विझवायचं. दोन घमेली जुनं शेणखत, दोन तूस, एक नदीची जाड रेती, मिळालं तर एक घमेलं नारळाचा भुसा. अमरावती-अकोल्याकडे तूस मिळत नसेल तर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) वर्षभर कुजवून वापरा. कच्चं कुटार कधी घालू नका, ते कुंडीतच कुजायला लागलं की नत्र ओढून घेतं आणि वेल पिवळी पडते.

सॅटिनसाठी रेती आणखी थोडी वाढवतो. तिची तहान कळायला सोपी आहे. पाणी कमी पडलं की तिचं पान दोन्ही कडांनी आत वळून पुंगळी होते. पाणी घातलं की संध्याकाळपर्यंत उलगडतं. ती वळायला लागेपर्यंत थांबलेलं तिला चालतं, सतत ओल मात्र नको. फिलोडेंड्रॉनला तेवढं ताणू नका, त्याचं पान पातळ असतं.

आजोळ_कारंजा

धागा ओळखण्याचा आहे म्हणून आमच्या घरातली गोष्ट लिहितेच, कारण ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मागच्या वर्षी सत्यनारायणाची पूजा होती. विड्याची पानं कमी पडली. आमच्या आजी अंगणात गेल्या, तुळशीजवळच्या वेलीची आठ-दहा पानं खुडून आणली आणि पाटावर मांडली. ती वेल फिलोडेंड्रॉन होती. हिरवं, बदामी, चकचकीत पान, वयाच्या ऐंशीला नजर ती किती लागणार. पूजा झाली आणि आजींनी सवयीनं त्यातल्याच एका पानाला चुना लावला, सुपारी ठेवली आणि विडा तोंडात टाकला. दोनदा चावला असेल नसेल, जीभ आणि घसा जळायला लागला, ओठ सुजले. आम्ही थुंकायला लावलं, खूप पाण्यानं चूळ भरायला लावली, थंड दूध घोट घोट दिलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत त्या बऱ्या झाल्या. ते दोन-तीन तास आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत.

या सगळ्या वेलींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्चं अळू खाजवतं त्याचंही कारण तेच. चावलं की त्या सुया जिभेत आणि घशात रुततात. श्वास अडतो असं वाटलं तर घरी थांबायचं नाही.

आता आम्ही घरातल्या सगळ्यांना फरक शिकवला आहे. नागवेलीचं पान हातात चुरगळा, तिखट वास लगेच येतो. फिलोडेंड्रॉनला विड्याचा वास नाही. दुसरं, पान उजेडाकडे धरा. नागवेलीच्या देठापासून चार-पाच ठळक शिरा एकदम फुटतात आणि कमान करून टोकाकडे जातात. फिलोडेंड्रॉनला मधली एक शीर, बाकीच्या तिच्यातून दोन्हीकडे फुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नागवेल आणि ही वेल एकाच अंगणात लावूच नका.

शेळ्या, वासरं यांच्याही तोंडाला लागू देऊ नका. आमची ती कुंडी आता धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, आहे.

पानमळा_अंजनगाव

ताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आजींना नमस्कार सांगा. शिरांची खूण शंभर टक्के खरी. आमच्या पोरांना मळ्यात पहिल्यांदा नेतो तेव्हा हेच शिकवतो, पान उजेडाकडे धर म्हणून.

वैनगंगा_शाळा (गडचिरोली)

वर्गात मुलांना दाखवायला मी मनी प्लांटचे पाच-सहा वाण जमवले आहेत. रोपवाटिकेत यांची नावं सर्रास बदलून सांगतात, म्हणून थोडं लिहितो.

साधा म्हणजे गोल्डन, हिरव्यावर पिवळे फराटे. निऑन पूर्ण पोपटी, त्यावर डाग नाही. मार्बल क्वीनवर पांढरा रंग दळताना पीठ उडावं तसा सगळीकडे बारीक शिंपडलेला. एन-जॉय आणि पर्ल्स अँड जेड यांत लोक सगळ्यात जास्त फसतात. दोन्ही लहान पानांचे, दोन्ही हिरवे-पांढरे. एन-जॉयचा पांढरा भाग स्वच्छ असतो, हिरव्याची सीमा कापल्यासारखी. पर्ल्स अँड जेडच्या पांढऱ्यात हिरवे बारीक ठिपके पडलेले असतात. तो फ्लोरिडा विद्यापीठात मार्बल क्वीनपासून निघाला. मंजुळा हा वाण आपल्या भारतातच निघालेला. पान रुंद, कडा लहरी, आणि साय, पांढरा, पोपटी असे रंग एकात मिसळलेले.

ही नावं पाठ करण्यासाठी नाहीत. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग अन्न तयार करत नाही. म्हणून जितकं पान पांढरं तितकी वेल हळू वाढते, पाणी कमी पिते आणि ऊन लागलं की तोच भाग आधी करपतो. गोल्डनच्या मापानं मार्बल क्वीनला पाणी दिलं तर ती सडणार. आणि फार अंधारात ठेवली तर नवी पानं हिरवीच यायला लागतात. तसं झालं की शेवटच्या चांगल्या पांढऱ्या पानाच्या पेरावर वेल छाटा आणि कुंडी जास्त उजेडात आणा.

मुलं विचारतात, याला फूल का येत नाही. या वेलीला फुलण्यासाठी लागणारं जिब्रेलिन हे संप्रेरक पुरेसं तयारच करता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते बाहेरून दिल्यावर तिला फुलं आली. फूल दिसत नसल्यामुळेच वनस्पतीशास्त्रज्ञांनाही तिचं नाव ठरवायला वेळ लागला. १८८० मध्ये तिला पोथॉस या प्रजातीत घातलं होतं, एपिप्रेम्नममध्ये ती आली १९६४ मध्ये. ‘पोथॉस’ हे नाव तेव्हापासून लोकांच्या तोंडी राहिलं.

पूर्णाकाठ

सर, माझ्याकडे ‘मार्बल क्वीन’ म्हणून दिलेली एन-जॉय निघाली! पांढरा भाग अगदी स्वच्छ आहे. खूप आभार.

एक विचारते. वेल खाली लोंबती ठेवायची की वर चढवायची? लोंबतीची पानं दिवसेंदिवस लहान होत चालली आहेत.

पानमळा_अंजनगाव

चढवा. ही वेल चढतीच आहे. आधार मिळाला, हवेतली मुळं ओल्या आधाराला चिकटली की पुढचं पान मागच्यापेक्षा मोठं येतं. आमच्या विहिरीवरच्या आंब्यावर कोणीतरी पूर्वी चढवलेला साधा मनी प्लांट आहे, वरच्या पानांना चिरा पडल्यात आणि एकेक पान सुपाएवढं. लोक त्याला वेगळंच झाड समजतात.

नागवेल आम्ही वर्षातून एकदा उतरवतो. खालचा पानं गळालेला भाग गुंडाळून मातीत दाबतो, शेंडा पुन्हा आधाराला बांधतो. दाबलेल्या पेरांना मुळं फुटतात, वेल नव्यानं जोर धरते. मनी प्लांटलाही मी हेच करतो. खाली उघडी पडलेली जुनी वेल कापून फेकू नका, त्याच कुंडीत वेटोळं करून पेरं मातीला टेकवा. केळीच्या सोपट्यानं बांधा, सुतळी काचते.

धुऱ्यावरचा

आधाराले पऱ्हाटी-तुऱ्हाटी नोका लावू बाप्पा. मी लावली, पावसात उदई (वाळवी) लागली अन् कुंडीतून भिंतीले चढली. पाइपाले काथ्याची दोरी गुंडाळा.

अन् पऱ्हाटीचा ढीग कुंडीपासून दूर ठेवा. कपाशीवरचा पांढरा पिठ्या ढेकून तिथून येते. माह्या वेलीच्या पेरात कापसावानी दिसला, तवा समजलं.

धानाचा_बांध (साकोली)

पिठ्या ढेकणाला निंबोळी अर्क. शेतात ५ टक्के करतो तोच, घरापुरता. ५० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळा, थोडा साबण घाला. पानाच्या मागच्या बाजूला आणि पेराच्या खाचेत फवारा, संध्याकाळी, उन्हात नाही. आधी ओल्या फडक्यानं जमेल तेवढं पुसून काढा.

आजोळ_कारंजा

थंडीचंही कोणीतरी लिहा. डिसेंबरात आमच्या सॅटिनची पानं एका रात्रीत काळी पडली होती.

वैनगंगा_शाळा (गडचिरोली)

पारा १० अंशांच्या आसपास आला की या सगळ्या वेली कुडकुडतात, सॅटिन सगळ्यात आधी. दिवाळीनंतर पाणी निम्म्यावर आणा, रात्री कुंड्या घरात घ्या, खत बंद. पाणी द्यायचं ते सकाळी द्या, म्हणजे माती रात्री गार ओली राहत नाही.

पूर्णाकाठ (दर्यापूर तालुका)

तीन महिन्यांनी लिहिते आहे.

मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसात धाब्याच्या पन्हाळीखाली दोनशे लिटरचा ड्रम लावला. एकेका कुंडीत, खालून पाणी वाहेपर्यंत, तीन-तीन वेळा ते पाणी सोडलं. पहिल्या वेळी खाली आलेलं पाणी चहासारखं होतं, तिसऱ्या वेळी निवळ. मातीवरची पांढरी खपली गेली. मग कुंड्या उलट्या केल्या, काळी माती काढली, कुजलेलं कुटार, शेणखत आणि पूर्णेची रेती भरली. पश्चिमेला गोणपाट टांगलं आहे, ते आता पावसाळा संपेपर्यंत गुंडाळून ठेवलं.

बहिणीकडून फिलोडेंड्रॉनची पुन्हा दोन कलमं आणली, प्रत्येकी दोन पेरांची. काचेच्या बरणीत ठेवली होती, सतराव्या दिवशी मुळं बोटभर झाली आणि मातीत लावली. आज सकाळी त्यातल्या एकीची खोळ थोडी उकलली होती. आत पान होतं, अजून गुंडाळलेलंच, कडेला पोपटी. मी हात लावला नाही.

सॅटिनची उरलेली अर्धी वेल वेटोळं करून मातीत दाबली आहे, दादांनी सांगितल्याप्रमाणे. तीन पेरांवर कोंब आहेत. चौथ्यावर अजून काही नाही, तिकडे रोज बघते.